उजव्या बाजूची झांज

दादांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता, म्हणून आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच लागली नाही. तीर्थपुरीच्या बाजारात पुढं दुकान आणि मागं घर. दुकानात भोंगे एकात एक घालून रचलेले, खुंट्यांना वायरींची भेंडोळी लटकलेली, आणि फळीवर दादांचं 'मशीन', म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. त्याला मायनं फुलाफुलांच्या कापडाचा झगा शिवला होता. माझ्या परकराचं उरलेलं कापड आधी मशीनला जायचं, मग उरलं तर माझ्या रिबिनीला. कुठं लग्न, सप्ताह, सभा असली की दादा सकाळीच अंगणात भोंगा ठेवून तो तपासत. माय चुलीपुढं भाकरी थापत असायची, येसराच्या आमटीला उकळी फुटलेली असायची, आणि भोंगा विचारायचा, "हॅलो, हॅलो. उषाची माय, भाकर झाली का न्हाई?" साऱ्या बाजाराला कळायचं की आमच्याकडं आज उशीर झालाय. माय पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी यायची. "तोंडानं बोला की. मी काय सभेत बसली का?" दादा हसायचे आणि पुन्हा माईकमधूनच उत्तर द्यायचे.

घरात शेवटचा शब्द असा कायम भोंग्याचा असल्यामुळं मायनं आपला आवाज दुसरीकडं लावला होता. ती बायकांच्या भजनी मंडळात झांज वाजवायची. वाटूरच्या माहेराहून आलेली जड पितळी जोडी, मधल्या दोरीला लाल सुती गोंडे. मारुतीच्या देवळात सरूकाकू मधोमध उभी राहून पद सांगायची, बाकीच्या बायका मागून धरायच्या, आणि माय सरूकाकूच्या उजव्या हाताला खांबाजवळ उभी असायची. घरात जी बाई पदर सावरत बोलायची, तीच तिथं झांज अशी वाजवायची की देवळातले पारवे उडून जायचे. दादांना ती झांज अजिबात खपत नसे. भोंग्याचा स्वभावच असा की मृदंग त्यात हरवतो आणि झांज मात्र किंचाळते. "तुझी झांज एक दिवस माझी मशीन फोडणार बघ," असं म्हणत ते माईक सरूकाकूच्या तोंडापुढं लावायचे आणि मायपासून जितका लांब नेता येईल तितका नेऊन ठेवायचे. माय पुढच्या पदाला जरा जोरात वाजवायची, इतकंच.

मी कॉलेजसाठी जालन्याला मावशीकडं राहायला गेले आणि तिथं गौतमशेठच्या स्टुडिओत लागले. लागले म्हणजे कॅसेटवर नावं लिहायला. माझं अक्षर बरं होतं. गौतमशेठचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान् पिढ्या जालन्यात. मराठी ते आमच्यासारखंच बोलत, फक्त मधूनच हिंदी मिसळत आणि राग आला की मारवाडीत जात. खाली त्यांचं बियाण्याचं दुकान, वरच्या माडीवर हौसेनं काढलेला स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बारदानाची पोती ठोकलेली. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, खिडक्या बंद, आणि बियाण्याला लावायच्या औषधाचा वास जिन्यानं वर चढायचा. उन्हाळ्यात तिथं गाणाऱ्याला गाणं आठवलं तरी पुष्कळ. मला मात्र त्या खोलीचं वेड लागलं. चार माईकचे आवाज वेगवेगळे घेणारं एक टेपमशीन होतं. नंतर ते चार आवाज कमीजास्त करायचे, डावीउजवीकडं सरकवायचे आणि त्यांची एक कॅसेट करायची. प्रत्येक आवाजाला एक गोल बटण. ते डावीकडं फिरवलं की आवाज डाव्या स्पीकरमधून यायचा, उजवीकडं फिरवलं की उजव्यातून, आणि मध्ये ठेवलं तर दोन्हींतून. मी नावं लिहिता लिहिता त्या बटणांकडं बघत बसायचे. शेठचा रेकॉर्डिंगवाला माणूस नोकरी सोडून मोठ्या शहरात गेला तेव्हा मी विचारायचीही वाट पाहिली नाही, सरळ त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. शेठ म्हणाले, "ऊठ." मी म्हणाले, "बसू द्या, येतं मला." अर्धवटच येत होतं, पण बसून राहिले.

तेव्हा जांब समर्थच्या उत्सवाला भजनाच्या कॅसेटी चांगल्या खपत. मी शेठच्या मागं लागून आमच्या मंडळाची कॅसेट काढायचं कबूल करून घेतलं. "तुझं मंडळ, तूच निस्तर," शेठ म्हणाले. बायका एसटीनं आल्या. नव्या साड्या नेसलेल्या, सोबत धपाटे, दही आणि पिशवीभर मोसंब्या. रेकॉर्डिंगला कुणी साडी बघत नाही हे मी सांगितलं तर सरूकाकू म्हणाली, "आम्ही तं बघून राह्यलो ना एकमेकीची." पहिल्याच पदाला मायची झांज वाजली आणि चारही माईकचा आवाज दाखवणाऱ्या सुया एकदम उजव्या टोकाला जाऊन आपटल्या. शेठनी कान धरले. शेवटी मायला शेजारच्या खोलीत, बियाण्याच्या पोत्यांमध्ये उभं करावं लागलं. दार अगदी थोडं उघडं ठेवलं, म्हणजे फटीतून तिला सरूकाकू दिसावी. तिच्यापुढं वेगळा माईक लावला. सगळ्या बायका एका खोलीत आणि माय एकटी पोत्यांत. मला ते बघवलं नाही. मी विचारलं, "चालंल का गं इथं?" ती म्हणाली, "माईक हाय ना म्होरं? मंग चालंल." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी वेगळा माईक लावला होता. तिनं तो पदराच्या टोकानं पुसूनसुद्धा घेतला.

बायका परत गेल्या आणि मी मिक्सिंगला बसले. झांज मध्ये ठेवली की सरूकाकूचे शब्द जात. शब्दांतले 'स' आणि 'श' ज्या बारीक, उंच आवाजात असतात त्यातच झांजेची झळाळी असते, हे मला तिथं कानानं कळलं. दोघी एकाच पाटावर बसायला बघत आणि झांज आडदांड, ती काकूला ढकलून द्यायची. कमी केली तर नुसती खरखर उरायची. शेठनी दोनतीनदा ऐकलं आणि निकाल दिला, "झांज निकाल दो उषा. शब्द साफ पाहिजेत. न्हाई तर कॅसेट काढत नाही मी." काढून टाकणं सोपं होतं, आवाज कमीजास्त करायची पट्टी खाली ओढायची की झालं. पण मला पोत्यांत उभी माय दिसत होती. मी झांजेचं गोल बटण हळूहळू उजवीकडं फिरवत गेले, आणि जसजसं फिरवलं तसतसे काकूचे शब्द मधून मोकळे होत आले. पार उजव्या टोकाला नेलं तेव्हा शब्द लख्ख, आणि उजव्या स्पीकरमध्ये माय, देवळात खांबाजवळ उभी असावी तशी. मी शेठना दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसवलं आणि ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पद पूर्ण ऐकलं. "हां. अब बराबर," ते म्हणाले. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी मावशीकडं जेवलेच नाही. भूक नव्हती असं नाही, आनंदात विसरले.

गावात सप्ताह बसला त्या सकाळी कॅसेट वाजवायची ठरली. मारुतीच्या देवळापुढं दादांनी मशीन मांडलं, झग्यातून काढलं, पुसलं. एक भोंगा देवळावर, एक वेशीकडं. मंडळाच्या बायका पुढं सतरंजीवर बसल्या होत्या. माय मधोमध बसली, कधी बसत नसे तशी. सरूकाकूचा आवाज भोंग्यातून आला आणि सगळ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मागच्या बायकांचा आवाज आला, पेटी आली. मी मायकडं बघत होते. माय भोंग्याकडं बघत होती. झांज येईना. लांबून कुठून तरी, दुसऱ्या गावात वाजत असावी इतकी पुसट यायची आणि जायची. एक पद संपलं, दुसरं संपलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काऊन गं, तू गेल्ती ना रेकॉर्डिंगला?" माय म्हणाली, "गेल्ते की." आणि तिसरं पद सुरू व्हायच्या आत उठून घरी निघून गेली.

मी मागोमाग धावले. ती परातीत पीठ घेऊन बसली होती, भाकरीची वेळ नसताना. माझ्याकडं न बघता म्हणाली, "काढलं तं काढलं. सांगायचं तरी. मी बसलेच नसते तिथं म्होरं." मला रडूच फुटलं. "न्हाई काढलं माय, शपथ. हाय त्याच्यात." घरातल्या लहान टेपरेकॉर्डरवर मी त्याच कॅसेटची दुसरी प्रत लावली. एकच स्पीकरचा टेप, पण त्यातून झांज खणखणीत आली. मला वाटलं, आता हसेल. तिनं पद पूर्ण ऐकलं, टेप स्वतःच्या हातानं बंद केला आणि म्हणाली, "घरात ऐकून काय करू? घरात तं मी रोजच वाजवते."

ते वाक्य मला लागलं. वाईट वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला. कुणावर ते कळत नव्हतं. झांज कॅसेटवर आहे, घरातल्या टेपवर वाजते, मग देवळात जाते कुठं? मी तशीच देवळाशी गेले आणि दादांच्या मशीनमागं वाकून बघितलं. कॅसेट प्लेयरमधून दोन वायरी निघत होत्या, एक डाव्या आवाजाची, एक उजव्या. डावीची पिन मशीनमध्ये होती. उजवीची पिन चिकटपट्टीत नीट गुंडाळून खाली सोडून दिलेली, कशाला लागू नये म्हणून. घरातला टेप दोन्ही बाजू एकाच स्पीकरमध्ये मिसळून वाजवायचा, इथं उजवी बाजू मशीनपर्यंत पोचतच नव्हती. माय, जिचा आवाज मी पार उजवीकडं नेऊन बसवला होता, ती त्या चिकटपट्टीत होती.

"दादा, ही पिन का न्हाई लावली?"

"मशीनला भोक एकच हाय. दुसरी कशाला पाहिजे? दोन्हीतून तेच येतं."

"न्हाई येत. मायची झांज त्या दुसरीत हाय."

दादांना ते पटेना. धंदा सुरू केल्यापासून त्यांनी एकच पिन लावली होती आणि कधी कुणाची तक्रार आली नव्हती. दोन्ही वायरी पिळून एका भोकात घालू म्हटलं तर मशीन जळेल म्हणून ते मशीनच्या आडवेच उभे राहिले. पण बायको उठून गेलेली त्यांनीही बघितली होती. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "आता मी तुझ्यासाठी लावीन दोन. पण वाटूरचा मशीनवाला लावंल का? परतूरचा? सगळे असेच लावून राह्यले." दादांचं हे बोलणं मात्र मला पटलं. एका दादांना समजावून भागणार नव्हतं. कॅसेट जिथं जिथं जाईल तिथं तिथं मायची झांज चिकटपट्टीत जाणार होती. काल्याच्या दिवशी, म्हणजे सप्ताहाच्या शेवटी, कॅसेट पुन्हा वाजवायची होती. तोवर मी ती बदलून आणणार, असं मी तिथंच दादांना सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "शेठ ऐकंल का?" मी म्हणाले, "ऐकावंच लागंल."

शेठ आधी अर्थातच मारवाडीत गेले. कॅसेटवर नावं लिहून झालेली, खोकी बांधलेली. "जालन्यात बढिया वाजते ना? मंग?" मी विचारलं, "शेठ, ही कॅसेट ऐकणार कोण? दोन स्पीकरच्या मध्ये खुर्ची टाकून किती माणसं बसतात आपल्याकडं? ही भोंग्यावर वाजणार. आणि भोंग्यावर अर्धी वाजते." मग मी त्यांच्यासमोर उजव्या स्पीकरची वायर काढली आणि कॅसेट लावली. झांज गेली. मृदंगही मी थोडा उजवीकडं ठेवला होता, तोही लंगडा झाला. शेठनी डाव्या स्पीकरला कान लावला. "म्हणजे आधा माल विकून राह्यलो आपण," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं आणि मी सुटले. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा बसायची परवानगी मिळाली. अट तीच. शब्द झाकायचे नाहीत.

रविवारी मी मायलाच घेऊन गेले. ती येत नव्हती. "मला काय कळतं त्यातलं?" मी म्हणाले, "चल तर." तिला शेठच्या खुर्चीत, दोन स्पीकरच्या मध्ये बसवलं आणि जुनं मिक्सिंग ऐकवलं. झांज आली तशी तिनं मान उजवीकडं वळवली. तिथं कुणी उभं असावं तशी ती बघत राहिली आणि म्हणाली, "इथं हाय तं मी." मग मी गोल बटण मध्ये आणलं. काकूचे शब्द झाकले गेले. मायनं तोंड वाकडं केलं. "काकू कुठं गेली?" मी म्हणाले, "हाच तर घोळ हाय. तू मधी आली की काकू जाते. तू बाजूला गेली की भोंग्यात तूच जाते." माय म्हणाली, "मला हळू कर. हळू चालंल. पण दोन्हीकडं पाहिजे."

हळू केली तर खरखर उरते, हे मला माहीत होतं. पण मायच्या बोलण्यातून एक गोष्ट सुचली. झांज सगळीकडं सारखी हळू कशाला? शब्द असतील तिथं हळू, आणि काकू श्वास घेते तिथं वर. पट्टीवर बोट ठेवून पदभर ती वरखाली करत राहायची. अडचण एवढीच की काकू श्वास कुठं घेईल ते मला आधी कळेना. मी पट्टी वर न्यायचे आणि काकू शब्द सुरू करायची. माय मागून बघत होती. तिसऱ्या खेपेला वैतागून म्हणाली, "सरक. न्हाई, तू बस, मी सांगते." देवळात काकूशेजारी उभं राहून तिला त्या श्वासांची इतकी सवय होती की काकूनं घ्यायच्या आत ती हात उचलायची. तिचा हात वर झाला की माझं बोट वर, तिचा हात खाली आला की माझं खाली. बटण मध्यापासून जरासंच उजवीकडं ठेवलं, खांबाची आठवण म्हणून. पंखा बंद, दोघी घामाघूम. एका पदात मी चुकले की पद पहिल्यापासून, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. दुपार उलटून गेली. मध्ये एकदा मी दमले, म्हणाले, "असू दे आता, बरं झालंय." माय म्हणाली, "बरं कशाला? बराबर कर." शेवटी मी उजव्या स्पीकरची वायर काढून सगळी कॅसेट एका डाव्यावर ऐकली. काकूचे शब्द होते आणि त्यांच्या फटीफटींतून झांज लखलखत होती.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी एकही गाणं एका कानानं ऐकल्याशिवाय हातावेगळं केलेलं नाही. ड्रमच्या थाळ्या असोत, टाळ असोत, आधी दोन्हीकडं पसरून बघते, मग एक बाजू बंद करून बघते. आताची पोरं संगणकावर बसतात, झांज इकडून तिकडं फिरवून दाखवतात आणि मी एक बाजू बंद केली की माझ्याकडं म्हातारी म्हणून बघतात. बघू देत. लोक फोन ताटाशेजारी ठेवून त्याच्या इवल्याशा भोकातून गाणं ऐकतात, आणि त्या भोकाचा न्याय दादांच्या मशीनपेक्षा फार वेगळा नाही. दोन बाजूंच्या मध्ये नीट बसून ऐकणारा माणूस मला माझ्या सगळ्या आयुष्यात फार थोड्या वेळा भेटला. जे भेटले नाहीत त्यांच्यासाठी काम करायचं असतं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

काल्याच्या दिवशी देवळापुढं मायला यायचंच नव्हतं. मी ओढून आणलं. ती मधोमध बसली नाही, कडेला बसली, लागलंच तर उठून जाता यावं म्हणून. दादांनी नेहमीसारखी डावी पिन लावली. उजवी लावू का म्हणून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नको म्हणाले. काकूचं पद सुरू झालं. पहिली ओळ संपली, काकूनं श्वास घेतला आणि देवळावरच्या भोंग्यातून झांज आली. वेशीकडच्या भोंग्यातून तीच झांज जरा मागाहून आली. बायका एकदम मायकडं वळल्या. सरूकाकूनं लांबूनच तिच्याकडं बोट केलं. मायचा चेहरा लाल झाला होता, पण ती उठली नाही. ताठ बसून प्रत्येक टोला ऐकत होती. आणि दुसऱ्या पदाच्या मध्यावर, काकूच्या श्वासात, सगळ्यांत स्वच्छ ऐकू येणाऱ्या जागी, एक टोला उशिरा पडला. इतक्या खेपा ऐकूनही स्टुडिओत तो आम्हा दोघींच्या लक्षात आला नव्हता. भोंग्यानं तो अख्ख्या तीर्थपुरीला ऐकवला. कोपऱ्यात कुणीतरी हसलंसुद्धा.

"हुकली मी तिथं," माय मोठ्यानं म्हणाली.

दादांनी मशीनवरून मान वर काढली. बायकोला वाईट वाटू नये म्हणून, त्यांच्या परीनं अगदी मायेनं म्हणाले, "काढून टाकायला सांग पोरीला. येतं तिला."

"खबरदार हात लावला तं," माय म्हणाली. "हुकलं तं हुकलं. मीच वाजवलंय ते."